ग्राफच्या कागदावर आठवण कशी साठवायची

लागणारं सामान फारसं नाही: चौकटीचा कागद, पेन्सिल, खोडरबर, एक पेन आणि एक मोकळी दुपार. सोलापूरच्या मे महिन्यात दुपारी बाहेर पडायचं नसतंच, त्यामुळे वेळेचा प्रश्न मिटला. ग्राफची वही नवी पेठेत कुठंही मिळते. मी स्वतः नानांचे उरलेले कागद वापरते. नाना म्हणजे माझे वडील. घरी आम्ही तेलुगू बोलतो, शिकवते मी मराठीत. चादरीच्या कारखान्यांना जॅकार्डसाठी, म्हणजे भोकं पाडलेल्या कार्डांवरून नक्षी विणणाऱ्या मागासाठी, नक्षीचे ग्राफ काढून देणं हा त्यांचा धंदा होता. त्या कागदावर भरलेलं घर म्हणजे तिथं उभा धागा वर, रिकामं घर म्हणजे खाली. मधलं काही नाही. मोर असो की कमळ, शेवटी सगळं हो-नाहीत उतरतं. आपल्यालाही आज तेवढंच हवंय.

साखर पेठेत मी अकरावी-बारावीच्या गणिताचे क्लास घेते. दर वर्षी जीवशास्त्र घेतलेलं एखादं पोर विचारतंच, "मॅडम, आठवण मेंदूत नेमकी कुठं असते ओ?" पुस्तकात उत्तर असतं, हिप्पोकॅम्पस. ते चूक नाही, पण तो नुसता पत्ता झाला. त्या पत्त्यावर काय चालतं ते कळत नाही. म्हणून मी त्यांना हातानं एक आठवण तयार करायला लावते, ती अर्धी पुसायला लावते आणि ती स्वतःहून कशी भरून येते ते बघायला लावते. ही पद्धत जॉन हॉपफिल्ड या अमेरिकन भौतिकशास्त्रज्ञाची, १९८२ सालची. २०२४ चं भौतिकशास्त्राचं नोबेल त्यांना आणि जेफ्री हिंटन यांना मिळालं. तेव्हा सगळीकडे 'एआयचं नोबेल' असा गाजावाजा झाला, पण हॉपफिल्ड यांचा मूळ प्रश्न जिवंत प्राण्यांचाच होता: साध्यासुध्या पेशी एकत्र आल्या की त्यांच्यात आठवण कुठून येते?

माझी एकच अट असते, कॉम्प्युटर आधी उघडायचा नाही. पडद्यावर चित्र झटकन दुरुस्त होतं आणि मुलं म्हणतात, प्रोग्रॅम चांगला लिहिलाय. हातानं बेरीज केली की तिथं प्रोग्रॅम नाहीच हे दिसतं.

आधी दोन नियम

पहिला पेशीचा. १९४३ मध्ये वॉरन मॅकलॉक आणि वॉल्टर पिट्स यांनी न्यूरॉनचं गणिती रूप मांडलं ते इतकं साधं होतं की मुलांचा विश्वास बसत नाही. आलेल्या संदेशांची बेरीज करायची; ती मर्यादेपलीकडे गेली तर पेटायचं, नाहीतर गप्प बसायचं. आपल्या कागदावर एक घर म्हणजे एक न्यूरॉन. काळं घर म्हणजे पेटलेला, त्याची किंमत +१. पांढरं म्हणजे गप्प, किंमत −१.

दुसरा नियम जोडणीचा. शिकण्यानं पेशींमधले दुवे वाढत, बळकट होत असावेत असं स्पेनच्या सांतियागो रामोन इ काहालनं १८९४ मध्येच सुचवलं होतं. १९४९ मध्ये कॅनडाच्या डोनाल्ड हेबनं त्याला नेमकं रूप दिलं: एक पेशी दुसरीला पेटवण्यात वारंवार भाग घेत असेल, तर त्या दोघींमधला दुवा मजबूत होतो. कागदासाठी आपण तो असा वापरायचा. नक्षीत दोन घरं एकाच रंगाची असतील तर त्यांच्या जोडणीत १ मिळवायचा. रंग वेगळे असतील तर १ वजा करायचा. वजा करण्याचा भाग हेबचा नाही, तो नंतरच्या संशोधकांनी जोडला. पण त्यावाचून बेरीज चालत नाही.

प्रत्येक घर दुसऱ्या प्रत्येक घराशी जोडलेलं, शेजारी असो नसो. स्वतःशी मात्र जोडणी नाही.

दोन नक्ष्या

४ गुणिले ४ चा चौकोन आखा. १६ घरं. घराचं नाव ओळ आणि रकाना असं: १-२ म्हणजे पहिल्या ओळीतलं दुसरं घर. आता दोन चौकोनांत या दोन नक्ष्या काढा. पहिलीला 'पट्टे' म्हणू, दुसरीला 'माथा'.

पट्टे:
■□■□
■□■□
■□■□
■□■□

माथा:
■■■■
■■■■
□□□□
□□□□

याच नक्ष्या का, ते पुढं कळेल. तूर्त एवढं बघा की दोघी बरोबर ८ घरांत जुळतात आणि ८ घरांत जुळत नाहीत. म्हणजे एकीचा दुसरीशी काही संबंध नाही. सुरुवातीला अशाच घ्याव्यात.

१६ घरांच्या जोड्या होतात १२०. घाबरू नका, सगळ्या लिहायच्या नाहीत. दोन्ही नक्ष्या साठवल्यावर एखादी जोडणी +२ होते (दोन्ही नक्ष्यांत ती दोन घरं एका रंगाची), −२ होते (दोन्हींत वेगळी) किंवा एकीत सारखी आणि दुसरीत वेगळी असेल तर शून्य. १२० पैकी ६४ शून्य होतात. उरल्या ५६.

एक घर पूर्ण करून बघू, १-१. हे दोन्ही नक्ष्यांत काळं आहे. त्याच्याशी +२ नं जोडलेली घरं कोणती? दोन्हींत काळी असलेली: १-३, २-१, २-३. आणि −२ नं? दोन्हींत पांढरी: ३-२, ३-४, ४-२, ४-४. बाकी सगळ्यांशी शून्य. सात जोडण्या पेनानं एका कोपऱ्यात लिहून ठेवा. रंग पेन्सिलनं, जोडण्या पेनानं, हे मी मुद्दाम सांगते. रंग बदलत राहणार आहेत, जोडण्या बदलणार नाहीत, आणि खोडरबर फिरवताना हा फरक हाताला कळतो.

आता चित्र बिघडवा

तिसरा चौकोन आखा. त्यात पट्टे काढा, पण तीन घरं उलटी करा: १-१, १-२ आणि ४-३.

□■■□
■□■□
■□■□
■□□□

आता प्रत्येक घराचा कौल घ्यायचा. पद्धत अशी: त्या घराशी जोडलेल्या प्रत्येक घराची किंमत त्या जोडणीनं गुणायची आणि सगळ्यांची बेरीज करायची. बेरीज धन आली तर घर काळं करायचं, ऋण आली तर पांढरं, शून्य आली तर आहे तसं सोडायचं.

१-१ पासून सुरू करा. १-३, २-१, २-३ ही तिन्ही काळी आहेत: ३ गुणिले २, म्हणजे ६. खालची चार पांढरी आहेत, किंमत −१, आणि जोडणी −२; प्रत्येकीचे २ आले, म्हणजे ८. एकूण १४. कौल धन, म्हणून १-१ काळं करा. झालं एक घर दुरुस्त.

पुढं १-२. हे पट्ट्यांत पांढरं आणि माथ्यात काळं. त्याच्याशी +२ नं जोडलेली १-४, २-२, २-४. −२ नं जोडलेली ३-१, ३-३, ४-१, ४-३. कसं ते स्वतः पडताळा, मी सांगणार नाही. पहिल्या तिघांचे −६. पुढच्या चारांतली तीन काळी आहेत, त्यांचे −६. चौथं ४-३, तेच बिघडलेलं, ते पांढरं असल्यानं त्याचे +२. बेरीज −१०. घर पांढरं करा. इथं क्षणभर थांबा. या घराला कौल देणाऱ्यांपैकी एक जण स्वतःच चुकीचा होता. त्यानं उलटा कौल दिला. बाकीच्या सहांनी त्याला सहज झाकून टाकलं.

मग ४-३. त्याची जोडणी १-२ शीही आहे आणि १-२ आपण आत्ताच सुधारलंय. त्यामुळे आता सातही जण एकमतानं १४ देतात. आधी केलं असतं तर १० आले असते. सुधारलेलं घर पुढच्याला मदत करतं. उरलेल्या १३ घरांचेही कौल घ्या, एकही बदलत नाही. पट्टे परत आले, आणि आता तिथंच थांबले.

दोघं दोघं बसलात तर काम पटापट होतं, एकानं किंमती वाचायच्या, दुसऱ्यानं बेरीज करायची.

हे चित्र थांबतं का?

गणिताच्या मास्तरणीला खरा रस इथं आहे. घरं एकमेकांना बदलत बसली तर हा खेळ कायम चालू राहायला हवा. तसं होत नाही, कारण एक आकडा फक्त खालीच जातो. प्रत्येक जोडीसाठी जोडणी आणि दोन्ही घरांच्या किंमती यांचा गुणाकार करा, सगळ्या जोड्यांची बेरीज करा आणि पुढं वजा चिन्ह लावा. याला हॉपफिल्ड यांनी ऊर्जा म्हटलं. आपल्या बिघडलेल्या चित्राची ऊर्जा −३६ येते. १-१ सुधारल्यावर −६४. १-२ नंतर −८४. ४-३ नंतर −११२. प्रत्येक वेळी कौलाच्या आकड्याच्या दुपटीनं खाली: २८, २०, २८.

कौलाच्या उलट असलेलं घर बदललं की ऊर्जा उतरलीच पाहिजे. चढायची सोयच नाही. आणि १६ घरांची चित्रं होऊन होऊन किती, ६५,५३६. संख्या मर्यादित आणि आकडा फक्त उतरणारा, म्हणजे कुठंतरी थांबणं भाग आहे. त्या थांबण्याच्या जागा आपण साठवलेल्या नक्ष्यांवर येतील अशी व्यवस्था हेबचा नियम करतो. चुंबकाच्या अणूंसाठी भौतिकशास्त्रात अशीच समीकरणं आधीपासून होती. हॉपफिल्ड त्याच मुलखातून आले होते, म्हणून त्यांना ते दिसलं. जपानच्या शुनइची आमारी यांनी १९७२ मध्ये याच्या फार जवळचं गणित मांडलं होतं, हे नोबेलच्या गडबडीत कमी जणांनी सांगितलं.

दोन अटी विसरू नका. जोडणी दोन्हीकडून सारखी हवी, आणि घरं एकेक करून बदलायची, सगळी एकदम नाही. एकदम बदलली तर काय होतं ते दोन घरांवर बघता येतं. दोन्ही काळी ही नक्षी साठवा, जोडणी +१. आता एक काळं, एक पांढरं ठेवा आणि दोघांना एकाच वेळी एकमेकांचा कौल ऐकू द्या. काळं पांढरं होतं, पांढरं काळं. मग परत उलट. हे कधी थांबणारच नाही.

अर्धं झाका

आता पट्ट्यांचा खालचा अर्धा भाग पुसून टाका. तिथं काळंही नाही, पांढरंही नाही, किंमत शून्य. वरच्या ८ घरांवरून खालच्यांचे कौल घ्या. पट्टे खाली उतरतात, एकही घर चुकत नाही.

पोस्टाच्या पत्त्यावरून घर शोधतात तसा इथं कुठला पत्ता नव्हता. आठवणीचाच एक तुकडा दिला आणि उरलेली आली. आपल्याला असंच आठवतं. गल्लीत कुणीतरी हलगी वाजवतो आणि डोळ्यांसमोर अख्खी मिरवणूक उभी राहते.

मग जोडण्या तोडून बघा. बिघडलेल्या चित्रात १-१ च्या सात जोडण्या होत्या, कौल १४. त्यातल्या कुठल्याही तीन पेनानं खोडा. कौल ८ येतो, तरीही घर काळंच होतं. नानांच्या जॅकार्डमध्ये हे चालत नाही. पंच केलेल्या कार्डावरचं एक भोक एकाच धाग्याला जबाबदार असतं; ते भोक चुकलं की चादरभर त्या जागी तोच दोष, आणि बाकीची कार्डं कितीही बरोबर असली तरी ती त्याला वाचवत नाहीत. आपल्या कागदावर 'पट्टे' कुठं लिहिलेत असं विचारलं तर बोट ठेवायला जागा नाही. ५६ जोडण्यांत मिळून आहेत, आणि त्याच ५६ जोडण्यांत 'माथा'ही आहे. मुलांच्या प्रश्नाला माझं उत्तर हेच आहे, आणि ते तोंडी सांगून पटत नाही, म्हणून हा सगळा खटाटोप.

तिसरी नक्षी आणि खोटी आठवण

आता 'डावी' साठवा: चारही ओळींत पहिले दोन रकाने काळे, पुढचे दोन पांढरे. जोडण्या पुन्हा मांडायचा कंटाळा आला असेल तर एक आडवाट सांगते. समोरचं चित्र प्रत्येक नक्षीशी किती घरांत जुळतं त्यातून किती घरांत जुळत नाही ते वजा करा. ही झाली जुळणी. एखाद्या घराचा कौल म्हणजे प्रत्येक नक्षीची जुळणी गुणिले त्या नक्षीतली त्या घराची किंमत, सगळ्यांची बेरीज, आणि त्यातून नक्ष्यांची संख्या गुणिले घराची सध्याची किंमत वजा. ही वजाबाकी का? घर स्वतःशी जोडलेलं नाही म्हणून. दोन ओळींत सिद्ध होतं, करून बघा.

आता हे चित्र द्या, जे आपण कधीच साठवलेलं नाही:

■■■□
■■■□
■□□□
■□□□

हे तिन्ही नक्ष्यांशी प्रत्येकी १२ घरांत जुळतं, ४ घरांत नाही. जुळणी तिघींशी ८. १-१ चा कौल २१, १-२ चा ५, १-४ चा −५. सगळे कौल आहे त्याच रंगाचे. म्हणजे चित्र हलत नाही! जोडलेल्या घरांच्या या जाळ्याच्या लेखी ही एक पक्की आठवण आहे, पट्ट्यांसारखीच स्थिर, फक्त ती कुणी शिकवलेली नाही. तीन खऱ्या नक्ष्यांच्या बहुमतातून ती आपोआप जन्मली.

संक्रांतीच्या सुमारास होम मैदानावर गड्डा, म्हणजे सिद्धेश्वराची जत्रा, भरतो. माझ्या धाकट्या बहिणीला अगदी स्पष्ट आठवतं की ती आकाशपाळण्यात वर असताना लाईट गेले, खाली मिरवणुकीत नंदीध्वज, म्हणजे उंच मानाच्या काठ्या, चालले होते आणि शेजारी आजोबा बसले होते. लाईट गेले ते एका वर्षी. नंदीध्वज जवळून बघितले ते दुसऱ्या. आजोबा तर त्याच्या आधीच गेले होते, ते बरोबर होते तो गड्डा आणखी वेगळा. तुकडा तुकडा खरा, अख्खी संध्याकाळ कधी झालीच नाही. तिच्याशी वाद घालण्यात अर्थ नसतो. माणसाच्या डोक्यात नेमकं हेच गणित घडतं असं मी म्हणणार नाही. पण खोटी आठवण तयार व्हायला कुणी खोटं बोलावं लागत नाही, एवढं कागदावर दिसतं.

आणखी एक गंमत. साठवलेल्या कुठल्याही नक्षीचे सगळे रंग उलटे करून द्या. तीही स्थिर राहते, कारण दोन्ही घरांची चिन्हं बदलली की गुणाकार तोच. हा मॉडेलचाच गुण, त्याच्यावरून मेंदूबद्दल काही अनुमान काढू नये.

आता कॉम्प्युटर उघडा

स्प्रेडशीटवर १० गुणिले १० चा चौकोन घ्या. १०० घरं, ४,९५० जोडण्या. वर सांगितलेली जुळणीची आडवाट वापरली तर जोडण्यांचा तक्ता करायचीही गरज नाही. गुणाकारांची बेरीज देणारं फंक्शन प्रत्येक शीटमध्ये असतं. एकदम बदलण्याचा तो लपंडाव होऊ नये म्हणून एका वेळी एकेक ओळ तरी बदलत जा.

इथं मुलं हमखास 'अ', 'प', 'ष' अशी अक्षरं काढतात आणि मग जाळं सगळ्यांचा एकच गोळा करून देतं. कारण उघड आहे. अक्षरात थोडी घरं काळी, बाकी सगळं पांढरं. म्हणजे कुठलीही दोन अक्षरं पाऊणएक घरांत तशीच जुळतात, आणि 'प' नि 'ष' तर विचारूच नका. सुरुवातीला नाणं उडवून नक्ष्या करा: छापा काळं, काटा पांढरं. अशी पाच चित्रं साठवा, प्रत्येकाची दहाएक घरं उलटी करून द्या, बिनचूक परत येतील. मग चित्रं वाढवत जा.

हॉपफिल्ड यांनी स्वतः ३० आणि १०० न्यूरॉन घेऊन हे केलं, आणि घरांच्या सुमारे १५ टक्क्यांपर्यंत आठवणी टिकतात असं त्यांना आढळलं. १९८५ मध्ये डॅनियल अमित, हानोख गुटफ्रॉइंड आणि हायिम सोम्पोलिन्स्की यांनी खूप मोठ्या जाळ्यासाठी नेमका आकडा काढला: १३.८ टक्के. म्हणजे १०० घरांत तेरा-चौदा चित्रं. मुलं लगेच हिशोब करतात की १६ घरांत मग दोनच, आपण तीन कशा बसवल्या? तो आकडा नाण्यानं उडवलेल्या नक्ष्यांचा आहे. आपल्या तिघी एकमेकींशी मुळीच संबंध नसलेल्या निवडलेल्या होत्या.

त्या मर्यादेपलीकडे गेलात की जे होतं ते बघण्यासारखं आहे. नुसतं पंधरावं चित्र बिघडत नाही, आधीची सगळीच बिघडतात. आपलं असं होत नाही. नवीन भाडेकरूचं नाव शिकल्यानं कुणी आईचं नाव विसरत नाही. म्हणजे मॉडेल इथं मेंदूपासून वेगळं पडतं, आणि हे वेगळं पडणंच कामाचं ठरलं. १९८६ मध्ये जॉर्जो परिसी यांनी एक साधा उपाय दाखवला: कुठल्याही जोडणीला ठरावीक आकड्यापलीकडे वाढूच द्यायचं नाही. मग नव्या आठवणी राहतात आणि जुन्या हळूहळू पुसट होत जातात, सगळं एकदम कोसळत नाही. शीटमध्ये हे करायचं तर मात्र जोडण्यांचा पूर्ण तक्ता लागेल, आडवाट चालणार नाही. अक्षरांच्या अडचणीवरही उत्तर निघालं. १९८८ मध्ये त्सोदिक्स आणि फायगेलमन यांनी दाखवलं की थोडीच घरं काळी असतील तर त्यासाठी नियम थोडा बदलायचा, सरासरी रंग आधी वजा करायचा. मग जागा कमी पडण्याऐवजी उलट पुष्कळ जास्त नक्ष्या मावतात. हिप्पोकॅम्पसमध्येही एका वेळी थोड्याच पेशी पेटलेल्या असतात.

खऱ्या मेंदूत याला आधार काय

मुलं हा प्रश्न विचारतात तेव्हा मला बरं वाटतं. हेबचा नियम बराच काळ तर्क होता. १९७३ मध्ये टिम ब्लिस आणि टेरिये लोमो यांनी सशाच्या हिप्पोकॅम्पसमध्ये दाखवलं की विजेचे भराभर ठोके दिले तर तिथले दुवे बळकट होतात आणि तासन् तास तसेच राहतात. त्याआधी १९७१ मध्ये डेव्हिड मार या तरुण इंग्रज संशोधकानं हिप्पोकॅम्पस हे तुकड्यावरून अख्खी आठवण भरून काढणारं जाळं असावं असं गणितानं मांडलं होतं. त्यातला सीए-३ नावाचा भाग यासाठी खास, कारण तिथल्या पेशी एकमेकींशीच भरपूर जोडलेल्या असतात. प्रयोगशाळेतल्या रॅटमध्ये, म्हणजे मोठ्या जातीच्या उंदरात, मेंदूच्या एका बाजूला अशा सुमारे ३ लाख पेशी आणि प्रत्येकीवर आपल्याच भावंडांकडून आलेले सुमारे १२ हजार दुवे.

आणि २००२ चा प्रयोग तर आपण कागदावर केला तोच. सुसुमु तोनेगावा यांच्या प्रयोगशाळेत असे उंदीर तयार केले होते की त्यांच्या सीए-३ मध्ये दुवे बळकट करणारा एक रिसेप्टर, म्हणजे पेशीवरचा संदेश पकडणारा रेणू, नव्हता. गढूळ पाण्याच्या टाकीत बुडालेला ओटा कुठं आहे ते भोवतालच्या खुणांवरून शोधायला उंदीर शिकले. सगळ्या खुणा जागेवर असताना हे उंदीर इतरांसारखेच ओटा शोधायचे. बहुतेक खुणा काढून घेतल्या की साधे उंदीर तरीही शोधायचे, हे मात्र भरकटायचे. अर्धं झाकलेलं चित्र त्यांना भरता येत नव्हतं.

मॉडेलमधली लबाडीही मी फळ्यावर लिहिते. दोन्हीकडून सारखी जोडणी मेंदूत नसते. एकच पेशी कुणाला पेटवते आणि कुणाला विझवते असं सहसा होत नाही. त्या पेशी वेगवेगळ्या असतात. सगळ्यांची सगळ्यांशी जोडणी तर शक्यच नाही.

शेवटचा प्रयोग: पाढा

सारख्या जोडणीची अट मोडून बघण्यासारखी आहे. १७ चा पाढा घ्या. सरळ म्हणताना जीभ आपोआप पुढं जाते, सतरा चोक अडुसष्ट, सतरा पाचे पंच्याऐंशी. उलटा म्हणायला सांगितला की वर्ग गप्प. एका आठवणीवरून पुढची येते, मागची येत नाही. आत्तापर्यंतच्या जाळ्याला हे जमत नाही, ते एका चित्रावर जाऊन बसतं.

म्हणून जोडणीला दिशा द्या. 'पट्टे'मधलं घर आणि 'माथा'मधलं घर जोडा: पहिल्याचा रंग पट्ट्यांतून घ्यायचा, दुसऱ्याचा माथ्यातून, रंग सारखे तर १ मिळवायचा, वेगळे तर वजा. मग तसंच माथ्याकडून 'डावी'कडे, आणि 'डावी'कडून परत पट्ट्यांकडे. आता १-१ कडून १-२ कडे जाणारा आकडा आणि १-२ कडून १-१ कडे येणारा आकडा सारखा असेलच असं नाही, म्हणून तक्त्यात दोन वेगळ्या जागा ठेवा. पट्टे देऊन सुरुवात करा आणि या वेळी सगळी घरं एकदम बदला. पुढच्या खेपेला माथा येतो, त्यापुढं डावी, मग पुन्हा पट्टे. ऊर्जेचा आकडा इथं काढू नका, तो आता उतरत नाही, थांबायची जागाही नाही. सुरुवातीच्या चित्रात तीन घरं बिघडवून दिलीत तरी दुसऱ्या खेपेपासून माळ नीट लागते का, ते आधीच्याच चित्रावर पडताळा. घरं आता एकदम बदलायची आहेत, म्हणून कौल सगळे आधी बाजूला लिहून घ्या आणि मगच खोडरबर उचला.